नवा सेल घातला तरी घड्याळ चार महिन्यांत पुन्हा बंद का पडतं?

तीन वर्षांपूर्वी ताईचं मनगटी घड्याळ एकाच वर्षात तीनदा बंद पडलं. फेब्रुवारीत, मग जूनच्या अखेरीस, मग ऐन दिवाळीत. पहिल्या दोन्ही वेळा तिने बाजारपेठेतल्या एका दुकानातून सेल बदलून घेतला आणि "आता दोन वर्षं बघायला नको" हे ऐकून घरी आली. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा ते माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अरे, बघ ना एकदा नीट. पहिल्या पगारातलं आहे, टाकवत नाही."

कॉलेजात असताना दोन उन्हाळे मी चिपळुणात घड्याळदुरुस्ती करणाऱ्या एका काकांच्या टेबलाशी बसून हे काम शिकलो. आता शनिवार-रविवारी घरीच घड्याळं उघडतो, आणि सगळ्यात जास्त येते ती हीच तक्रार: सेल बदलला, चाललं, पुन्हा थांबलं. बहुतेक जण पुन्हा सेल बदलतात. काही जण दोन-तीन फेऱ्यांनंतर कंटाळून घड्याळ खणात टाकतात. त्यांतली बरीचशी घड्याळं सहज वाचण्यासारखी असतात.

वडिलांकडे एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं, जनता मॉडेल. बंगळुरूच्या एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली, त्या परंपरेतलं. त्यातलं तेल सुकलं की ते मागे पडायला लागायचं. वडील रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांना घड्याळ लावायचे, त्यामुळे आठवडाभरात त्यांना कळायचं की आता सफाईला द्यायला हवं. सेलवरचं क्वार्ट्झ घड्याळ असं काही सांगत नाही. त्यातली वेळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते, सेकंदाला ३२,७६८ कंपनं. चाकांत कचरा असो, तेल सुकलेलं असो, काटा सरकतोय तोवर वेळ बरोबरच दिसते. बिघाड दिसतो तो फक्त सेल किती दिवस टिकला यात. म्हणून अशा घड्याळाची तब्येत बघायची तर सेल बदलल्याच्या तारखा हव्यात.

मी प्रत्येक वेळी झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक मार्करने महिना आणि वर्ष लिहितो. तुमचा दुकानदार लिहीत नसेल तर त्याला लिहायला सांगा, किंवा घरी कॅलेंडरवर नोंद ठेवा.

सेलने किती चालायला हवं

साध्या काट्यांच्या घड्याळात सर्रास असतो तो एसआर६२६एसडब्ल्यू. सेलवर किंवा पाकिटावर ३७७ असं लिहिलेलं असलं तरी तो हाच. त्याची क्षमता साधारण २८ मिलिअँपिअर-तास, म्हणजे २८,००० मायक्रोअँपिअर-तास. चांगल्या स्थितीतलं मशीन सरासरी १ मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज घेतं. म्हणजे २८,००० तास. चोवीसने भागा: ११६६ दिवस, तीन वर्षांहून थोडे जास्त. मशीन चौपट वीज घ्यायला लागलं तर साडेनऊ-दहा महिने. आठपट घेतली तर पाच महिनेही पूर्ण होत नाहीत.

तारीख दाखवणाऱ्या आणि मोठ्या काट्यांच्या घड्याळात हे आयुष्य कमी भरेल, स्टॉपवॉच असलेल्यात आणखी कमी. पण साध्या तीन काट्यांच्या घड्याळात सेल वर्षाच्या आत संपत असेल तर कारण शोधायलाच हवं.

उघडण्याआधी: ते नेमकं कसं थांबलं?

हा टप्पा सगळे गाळतात आणि इथेच चांगले सेल फेकले जातात. बंद पडलं म्हणजे सेल संपलाच असं नसतं.

थांबलेल्या घड्याळाची चावी लगेच फिरवू नका. किती वाजता थांबलंय ते लिहून ठेवा. रात्री दहा ते दोनच्या दरम्यान वारंवार थांबत असेल आणि घड्याळात तारीख असेल, तर तारखेचं चाक ढकलताना त्याला जोर पुरत नाहीये. सेल मंद झालाय किंवा तारखेच्या चाकात अडथळा आहे. (याच कारणाने रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान चावी अर्धी ओढून तारीख झटपट बदलू नये. त्या वेळी चाकं एकमेकांत अडकलेली असतात, दाता तुटतो.) तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांवर येतात त्याच सुमाराला थांबत असेल, तर काटे घासताहेत. घड्याळ पडल्यावर हे हमखास होतं. घड्याळ आडवं डोळ्यांच्या पातळीला धरा आणि काट्यांमधल्या फटी पाहा. तिन्ही काटे एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. यात सेलचा काहीच दोष नाही.

सेकंदकाटा एकेक सेकंदाऐवजी दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारतोय का? अनेक चांगल्या मशीनमध्ये सेल संपत आल्याची ही ठेवलेली खूण असते. वेळ बरोबरच राहते, काटा फक्त उड्या मारतो. घड्याळ बिघडलं म्हणून घाबरू नका, त्या आठवड्यात सेल बदलून घ्या.

सेकंदकाटा जागच्या जागी थरथरत असेल तर सर्किट जिवंत आहे आणि काटा पुढे ढकलायला जोर कमी पडतोय. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा नऊच्या आकड्यापाशी असा धडपडताना सगळ्यांनी पाहिला असेल, कारण तिथे काट्याला चढ सगळ्यात अवघड असतो.

आणि लोहचुंबक. काट्यांच्या घड्याळाची मोटर म्हणजे एक चिमुकलं चुंबक असतं. रात्री घड्याळ मोबाइलच्या चुंबकी फ्लिप कव्हरवर, स्पीकरशेजारी किंवा चुंबकी बटणाच्या पर्सला चिकटून ठेवलं तर ते थांबतं आणि उचललं की पुन्हा चालू लागतं. आमच्या शेजारच्या काकूंचं घड्याळ रोज सकाळी तीन-चार तास मागे असायचं. त्यांनी दोन सेल बदलले होते. टेबलावर घड्याळ मोबाइलपासून लांब ठेवायला लागल्यावर ते आजतागायत बरोबर चालतंय.

उघडल्यावर पहिलं काम: सेलवरची अक्षरं वाचा

ताईच्या घड्याळाचं झाकण दाबून बसवायचं होतं. कडेला नखाएवढी खाच असते, तिथून बोथट पात्याने उचकटायचं. पातं घसरून मशीनमध्ये जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाजवळ अंगठा टेकवून धरायचा. झाकण निघालं आणि भिंगातून पाहिलं तर सेलवर एलआर६२६ होतं.

ही दोन अक्षरं बघायला सगळ्यांनी शिकायला हवं. पहिलं अक्षर आतलं रसायन सांगतं. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट. एलआर म्हणजे अल्कलाइन, १.५ व्होल्ट. सीआर म्हणजे लिथियम, ३ व्होल्ट, तो मुख्यतः डिजिटल घड्याळांत असतो. पुढच्या आकड्यांत माप असतं: ६२६ म्हणजे ६.८ मिलिमीटर व्यास आणि २.६ मिलिमीटर जाडी.

एसआर आणि एलआर मापाने सारखे, दिसायलाही सारखे, खोबणीत चपखल बसतात. फरक चालण्यात. सिल्व्हर ऑक्साइडचा विजेचा दाब (व्होल्टेज) शेवटापर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम पडतो. अल्कलाइनची क्षमता मुळात कमी, शिवाय दाब पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. आत वीज शिल्लक असतानाच तो घड्याळाला पुरेनासा होतो. अल्कलाइन सेल खेळण्यांसाठी, लेझरच्या टॉर्चसाठी ठीक आहे. तो स्वस्त असतो, दुकानदाराच्या डब्यात पट्टीने पडलेला असतो आणि घाईत तोच घातला जातो. ताईला दोन्ही वेळा तोच मिळाला होता. तेव्हा दुकानात उभं राहून सरळ विचारा, "एसआर आहे की एलआर?" आणि पाकिटातून तुमच्यासमोर काढायला सांगा.

एसडब्ल्यू आणि नुसता डब्ल्यू यांतही फरक आहे. एसडब्ल्यू काट्यांच्या घड्याळासाठी, नुसता डब्ल्यू दिवा किंवा अलार्म असलेल्यांसाठी, ज्यांना मध्येच जास्त विजेचा झटका लागतो.

जाडीत केलेली तडजोडही पुष्कळ दिसते. ६२६ नाही म्हणून ६२१ घालतात. तो अर्धा मिलिमीटर पातळ. मग खाली चांदीच्या कागदाची घडी सारून तो उंच करतात. एका घड्याळात मला ती घडी सरकून सेलच्या कडेला टेकलेली दिसली. धन आणि ऋण दोन्ही टोकं जोडली गेली होती आणि नवा सेल दोन दिवसांत रिकामा झाला होता.

नवा सेल हाताळताना प्लॅस्टिकचा किंवा लाकडी चिमटा घ्या. लोखंडी चिमट्याने सेल वरखाली धरला की तेवढ्यातच तो काही अंशी रिता होतो. कडेने धरला तर चालतं. उघड्या बोटांनीही धरू नका, घामाचा पातळ थर कडेवर राहतो आणि त्यातून वीज झिरपत राहते. सेल फ्रिजमध्ये साठवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं.

मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून बघा, पण त्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. दाब सपाट राहत असल्याने सिल्व्हर ऑक्साइड सेल संपायला आला तरी १.५ च्या वर दाखवू शकतो. उलटा निष्कर्ष मात्र पक्का: थांबलेल्या घड्याळातून काढलेला सेल १.५५ दाखवतोय आणि दुसऱ्या चांगल्या घड्याळात घातल्यावर ते महिनोन् महिने चालतंय, तर बिघाड पहिल्या घड्याळात आहे.

योग्य सेल घालूनही नऊ महिन्यांतच संपला

ताईच्या घड्याळात मी एसआर६२६एसडब्ल्यू घातला, झाकणात तारीख लिहिली आणि काम झालं असं समजलो. पुढच्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा थांबलं. चार महिन्यांचे नऊ महिने झाले, पण तीन वर्षं काही झाली नाहीत. हिशोबाने मशीन चौपट वीज खात होतं. काकांकडे नेऊन त्यांच्या क्वार्ट्झ टेस्टरवर लावलं तर आकडा ४ मायक्रोअँपिअरच्या आजूबाजूला.

मशीन इतकं का खातं याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच मशीनमधलं सर्किट दर सेकंदाला मोटरला विजेची एक छोटीशी थाप देतं आणि मोटर फिरली का ते तपासतं. फिरली नाही तर लगेच दुसरी, जास्त लांब थाप देतं. चाकं मोकळी असतील तर छोट्या थापेत भागतं. तेल सुकून चिकट झालं असेल, चाकात धागा अडकला असेल, तर प्रत्येक सेकंदाला मोठी थाप लागते. वरून बघणाऱ्याला काटा नेहमीसारखाच चालताना दिसतो आणि आत सेल चौपट वेगाने संपत असतो.

या वेळी मी घाई केली नाही. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, मोठं भिंग लावून बघितलं. झाकणाच्या आत रबराची रिंग असते, सुतळीहून कितीतरी बारीक. ती एका जागी चिमटून तुटली होती. आधी कधीतरी झाकण दाबून बसवताना रिंग खाचेत नीट न बसता मधे आली आणि कापली गेली. चिपळूणचा पावसाळा, हवेत एवढा ओलावा की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि ताई भांडी घासतानाही घड्याळ काढत नाही. साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण कमी, ते साध्या पाण्यापेक्षा सहज आत शिरतं. चावीच्या दांडीवर तांबूस गंजाची भुकटी होती आणि तीच भुकटी मोटरच्या चुंबकाला चिकटली होती, काळ्या मिश्यांसारखी. ज्यांचं काम लेथवर, ग्राइंडरवर आहे त्यांच्या घड्याळातही असंच होतं, लोखंडाचा बारीक कीस चुंबकाने आत ओढला जातो.

झाकणावर ३० मीटर किंवा ३ बार लिहिलेलं असतं त्यावर भरवसा ठेवून लोक पोहायला उतरतात. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील एवढाच, तोही रिंग शाबूत असेल तोवर. रिंग दर दोन-तीन सेलांमागे बदलावी आणि बसवताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा. व्हॅसलिन लावू नका, बऱ्याच प्रकारचं रबर त्याने फुगतं.

काचेच्या आत धुकं दिसलं तर त्याच दिवशी झाकण उघडून सेल बाहेर काढा. ओलावा आणि वीज एकत्र राहिली की सर्किटमधल्या तांब्याच्या वाटा खाल्ल्या जातात. मग घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. तांदळात पुरायचा उपाय सगळीकडे सांगतात, पण तांदळाची पिठी उघड्या मशीनमध्ये जाते, म्हणून मी तो कधीच करत नाही. हेअर ड्रायरही नको. समुद्राचं पाणी गेलं असेल तर घरी काही न करता थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या, कारण मीठ वाळलं की मशीन वाचत नाही.

बाकीच्या तीन गोष्टी

सेल गळलेला असेल तर धातूच्या पट्टीवर पांढरी-हिरवट खरड दिसते. ती क्षारधर्मी असते. दातकोरणीच्या टोकाला कापसाचे दोन-तीन तंतू गुंडाळा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टेकवून पिळून घ्या आणि फक्त पट्टी पुसा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तसंच पुसून वाळू द्या. शेजारी तांब्याच्या तारेचं गुंडाळं असतं, केसाहून बारीक तारेचं. तिथे कशाचाही स्पर्श होऊ देऊ नका. पेचकस घसरून ती तार तुटली की मशीन गेलं. शंका असेल तर मल्टिमीटरने गुंडाळ्याची दोन टोकं मोजा: एक-दोन हजार ओहमच्या आसपास आकडा आला तर तार धड आहे, काहीच आकडा आला नाही तर तुटली.

झाकण उघडलं की चालतं आणि लावलं की थांबतं, हे ऐकलं की सेलवरची प्लॅस्टिकची पातळ चकती शोधा. ती आधीच्या माणसाकडून हरवलेली असते, मग झाकण सेलला आणि पट्टीला एकत्र टेकतं. चकती जागेवर असेल तर सेलला टेकणारी पट्टी चेपलेली असेल. दातकोरणीने ती अगदी हलकी उचला.

काही डिजिटल आणि स्टॉपवॉचच्या घड्याळांत नवा सेल घातल्यावर पडदा विचित्र दिसतो किंवा काहीच हलत नाही. आत एसी अशी अक्षरं आणि बारीक ठिपका असेल. तो ठिपका आणि सेलची धन बाजू चिमट्याने दोन सेकंद जोडली की सर्किट पहिल्यापासून सुरू होतं. बरेच लोक हे न कळल्याने घड्याळ मेलं असं समजतात. उजेडावर चालणाऱ्या सोलर घड्याळात मात्र साधा एसआर सेल कधीही घालू नका. तिथे पुन्हा भारित होणारा सेल लागतो, साधा सेल भारित व्हायला लागला तर गळतो किंवा फुटतो.

ताईच्या घड्याळाचं मशीन आम्ही बदललं. गंज चाकांपर्यंत पोचला होता, आणि अशा मशीनची सफाई करण्यापेक्षा नवं मशीन स्वस्त पडतं. त्यात मियोटा कंपनीचं २०३५ नंबरचं मशीन होतं, नंबर मशीनवरच छापलेला असतो. त्याच नंबरचं मशीन घेतलं की तबकडीचे पाय आणि काट्यांची भोकं जशीच्या तशी जुळतात. फक्त चावीची नवी दांडी जुन्या मापाला कापावी लागते. पहिल्यांदाच करत असाल तर हे दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, काटे उपसताना तबकडीवर ओरखडा उमटला की तो जात नाही. त्यांना एवढंच सांगा: मशीन आणि रिंग बदला, तबकडी आणि काटे तेच ठेवा, जुनं मशीन परत द्या.

निघालेल्या सेलांना मी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून एका औषधाच्या बाटलीत बंद करतो आणि ती वरच्या फळीवर ठेवतो. ताईचा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि टेबलावरचं चमकतं काहीही तोंडात घालायचा. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतो. मूल ठीक दिसलं तरी वाट न बघता दवाखान्यात न्यायचं.

घड्याळाच्या झाकणात आता दोन तारखा आहेत. दुसरीला दोन वर्षं होत आली, काटा एकेक सेकंद चालतोय, आणि भांडी घासायला बसण्यापूर्वी ताई घड्याळ काढून खिडकीत ठेवते.